कोल्ड ब्रू: गाळणीवरचा भार कमी करताना

मागच्या नोंदीपर्यंत कोल्ड ब्रूचं, म्हणजे गरम न केलेल्या पाण्यात तासन्तास भिजवून काढलेल्या कॉफीचं, प्रमाण आणि वेळ दोन्ही बसलं होतं: 100 ग्रॅम भरड कॉफी, 800 ग्रॅम पाणी, खोलीच्या तापमानाला साधारण 14 तास. चवीबद्दल तक्रार नव्हती. घोडं अडत होतं ते गाळताना. कागदी फिल्टर अर्ध्यात तुंबायचा, शेवटचा पाव लिटर थेंबाथेंबाने उतरायचा आणि एवढी वाट बघूनही दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी साका बसलेला असायचाच. म्हणून या टप्प्यात मूळ कृतीला शक्यतो हात लावला नाही. भिजलेल्या कॉफीतून पाणी वेगळं कसं काढायचं, एवढ्यावरच लक्ष ठेवलं.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. आणखी भारी फिल्टर शोधत बसण्यापेक्षा फिल्टरपर्यंत गाळ कमी कसा पोचेल हे पाहिलं की निम्मं काम तिथेच होतं. खाली आहे तो सगळा याचाच पसारा.

तुंबतं कशामुळे

कॉफी कितीही जाडसर दळली तरी एकाच आकाराची निघत नाही. भाजलेली बी ठिसूळ असते. ती फुटते तेव्हा मोठ्या तुकड्यांसोबत पिठासारखी बारीक पूडही सुटते, तिलाच आपण फाइन्स म्हणतो. चांगल्या बर ग्राइंडरमधूनही (दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडणाऱ्या) फाइन्स येतात. पात्याच्या ग्राइंडरचं तर विचारूच नका, तिथे अर्धा माल भरड आणि अर्धा वस्त्रगाळ.

ओतायला लागलं की फाइन्स आधी कागदाच्या छिद्रांवर जाऊन बसतात. मागून येणारा गाळ त्यावर थर चढवतो आणि थोड्याच वेळात पाणी कागदातून नव्हे, त्या चिखलातून वाट काढू लागतं. थर दुप्पट जाड झाला की प्रवाह निम्मा. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूच्या थरांतून पाणी सोडून हा हिशेब 1856 मध्ये मांडला, तो आपल्या शंकूतल्या कागदालाही तंतोतंत लागू पडतो.

त्यात थंडपणाची भर. 25 अंश सेल्सिअसला पाण्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, साधारण 0.89 मिलिपास्कल-सेकंद असते, 5 अंशांना ती 1.52 च्या आसपास जाते. म्हणजे फ्रिजमधून काढून तशीच गाळायला घेतली तर त्याच फिल्टरला जवळजवळ पावणेदोन पट वेळ लागणार. फ्रिजमध्ये भिजवणाऱ्यांची गाळण्याबद्दलची रड जास्त का असते, याचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

दळण

पहिला बदल दळणात केला. ग्राइंडर तोच, फक्त सेटिंग आणखी थोडं जाडीकडे नेलं आणि दळलेली कॉफी बारीक चाळणीतून हलक्या हाताने चाळून घेतली. चाळणीखाली पडलेलं दिसायला किरकोळ असतं, पण चिमटीत धरलं की त्याचा स्वभाव कळतो. रवाळपणा औषधालाही नाही, बोटांवरच्या रेषांत जाऊन बसतं आणि झटकलं तरी निघत नाही. कागदाचा गळा दाबणारी पूड ती हीच. ती फेकून देत नाही, वेगळ्या डबीत ठेवून गरम कॉफीत वापरतो.

चाळल्यावर वजन घटतं, तेव्हा 100 ग्रॅम मोजायचे ते चाळून झाल्यावर. नाहीतर प्रमाण हलतं आणि चव बदलली ती चाळण्यामुळे की पाणी जास्त पडल्यामुळे, ते कळायला मार्ग राहत नाही. जाड दळणातून अर्क सावकाश उतरतो, म्हणून भिजवण्याचा वेळ 14 वरून 16 तासांवर नेला. कृतीत बदल झाला तो एवढाच.

कोरड्या हवेत चाळताना एक वैताग होतो. दळताना कणांवर स्थिर वीज येते, फाइन्स मोठ्या तुकड्यांना चिकटून बसतात आणि चाळणीतून खाली पडायलाच तयार होत नाहीत. दळण्याआधी बियांवर पाण्याचे एक-दोन थेंब टाकून त्या हलवून घेतल्या की हा त्रास बराच कमी होतो. कॉफीवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. ओरेगॉन विद्यापीठाच्या क्रिस्टोफर हेंडन यांच्यासह काही संशोधकांनी 2023 मध्ये तिची रीतसर तपासणी केली आणि पाण्यामुळे वीज कमी होते हे मोजून दाखवलं. त्या चमूत ज्वालामुखीच्या राखेचा अभ्यास करणारी मंडळीही होती. दळताना येणारी वीज आणि राखेच्या लोटातली वीज, दोन्ही अखेर कण फुटण्या-घासण्याचेच प्रकार!

भिजवताना

ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, त्यामुळे भरड तरंगते आणि वरचा थर आतून कोराच राहतो. म्हणून आधी थोडंच पाणी घालून सगळी भरड ओली करून घेतो, दहा मिनिटांनी उरलेलं पाणी ओततो आणि वर आलेला थर चमच्याच्या पाठीने खाली दाबतो. यानंतर भांड्याला हात नाही. अधूनमधून ढवळलं तर अर्क थोडा लवकर उतरतो हे खरं, पण चिकटून बसलेले फाइन्स सुटे होतात आणि पुढे तेच आपल्याला छळतात.

चोथा हाच पहिला फिल्टर

या फेरीत सगळ्यात जास्त फरक पडला तो इथे. टॉड सिम्पसन यांनी 1964 मध्ये अमेरिकेत जे टॉडी नावाचं उपकरण काढलं, त्याची रचना नीट पाहिली तर मुद्दा कळतो. भांड्याच्या तळाशी फेल्टची जाड चकती, तिच्यावर भिजलेली कॉफी, आणि खालचं बूच काढलं की सगळा अर्क चोथ्याच्या थरातून झिरपत खाली येतो. फाइन्सना कागदासारखा एकच पातळ पडदा ओलांडायचा नसतो, जाड थरातल्या वाकड्यातिकड्या वाटांतून जायचं असतं. त्यातले बरेचसे वाटेतच अडकतात.

घरी हेच जमवण्यासाठी मोठ्या गाळणीत मलमलीचं दुहेरी कापड घालतो. भांड्यातलं वरचं निवळ आधी ओगराळ्याने अलगद काढून बाजूला ठेवतो. मग खालचा चोथा कापडात उतरवतो आणि सारखा पसरू देतो. सुरुवातीला खाली पडणारं पाणी गढूळ असतं, ते पुन्हा चोथ्यावरच ओततो. एक-दोनदा असं केलं की थर बसतो आणि धार स्वच्छ यायला लागते. बिअर बनवणारे भिजवलेल्या धान्याच्या थरावर पहिला रस असाच परत फिरवतात.

आता पिळण्याबद्दल. 100 ग्रॅम कॉफी स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे 800 ग्रॅममधले जेमतेम 600 हाती येतात. उरलेल्या 200 ग्रॅमवर जीव जातो आणि हात आपोआप कापडाला पीळ द्यायला लागतो. पण पिळलं की थराने धरून ठेवलेले फाइन्स कापडातून बाहेर ढकलले जातात, म्हणजे इतका वेळ केलेल्या कामावर पाणी. त्यापेक्षा 100 ग्रॅम साधं पाणी बारीक धारेने चोथ्यावर गोल फिरवत ओतावं. ते वरून खाली सरकताना आत अडकलेल्या अर्काला पुढे रेटतं. शेवटी येणारी धार चमच्यात घेऊन चाखायची, पाणचट लागली की थांबायचं. मोजमापापेक्षा इथे जीभ बरी.

निवळू देणं

कापडातून आलेल्या अर्कात अजून फाइन्स असतातच, आणि इथपासून मी कागदाऐवजी वेळेवर भरवसा ठेवतो. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे द्रवात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहापट लहान कण शंभरपट सावकाश खाली जातो. जाड कणाला तळ गाठायला तीन मिनिटं लागत असतील, तर दहापट बारीक कणाला त्याच अंतरासाठी पाच तास हवेत. म्हणून अर्धा तास ठेवून 'बसलं नाही' म्हणण्यात अर्थ नाही, रात्रभर ठेवावं लागतं.

ते फ्रिजमध्येच ठेवतो. मघाची व्हिस्कॉसिटी इथेही आडवी येते, थंड अर्कात कण आणखी हळू बसतात. शिवाय कोमट बरणी आत ठेवली की ती गार होईपर्यंत आतल्या आत प्रवाह फिरत राहतात. तरीही आधीच 16 तास बाहेर राहिलेली कॉफी आणखी रात्रभर बाहेर ठेवणं मला पटत नाही.

सकाळी सरळ भिंतीच्या काचेच्या बरणीत रेघ स्पष्ट दिसते. वर काळसर तांबडा, पारदर्शक अर्क आणि तळाशी बोटाच्या पेरापेक्षाही कमी जाडीचा मातकट थर. बरणी तिरकी केली की हा थर लगेच उठतो, म्हणून ओतत नाही. सिलिकॉनची नळी आधी पाण्याने भरून घेतो, एक टोक साक्याच्या दोन बोटं वर धरतो आणि दुसरं खालच्या भांड्यात सोडतो. नळीतलं पहिलं पाणी वेगळ्या कपात जाऊ द्यायचं. तोंडाने ओढून नळी सुरू करू नका. पिण्याची वस्तू आहे आणि ती काही दिवस टिकवायची आहे.

कागद, कापड, जाळी

इतकं झाल्यावर कागद जवळजवळ धावतो. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी 1908 मध्ये मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून पहिला कागदी फिल्टर बनवला, तोही कपातला गाळ आणि कडवटपणा नको म्हणूनच. कागद आधी भरपूर पाण्याने भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, कागदाचा वास त्यात जातो. निवळ अर्क आधी गाळायचा, तळाचा साका सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कागदावर. हा क्रम उलटा झाला तर मागची सगळी मेहनत वाया. तुंबलेला कागद चमच्याने खरवडायच्या फंदात पडू नये. ओला कागद फाटतो, आणि फाटला नाही तरी खरवडल्याने गाळ पुढे सरकतोच.

फ्रेंच प्रेसची धातूची जाळी या कामाला मला कधीच पुरेशी वाटली नाही. भरड वेगळी करायला ठीक, फाइन्स मात्र सर्रास पार होतात. तेल आणि गाळ यांमुळे तोंडात जाडपणा येतो, तो आवडणारेही आहेत. कागद तेलाबरोबर कॅफेस्टॉल आणि काहवेओल हे घटकही अडवतो. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवण्याबद्दल ते ओळखले जातात, त्यामुळे रोज पिणाऱ्याने कागदाचा विचार जरूर करावा. चवीपुरतं माझं मत: पाणी आणि बर्फ घालून प्यायची असेल तर कागद, दूध घालायचं असेल तर मलमल आणि रात्रभरची निवळ पुरते. दुधात गढूळपणा कोण बघतो!

तपासायला मोबाइलचा टॉर्च वापरतो. थोडा अर्क पारदर्शक ग्लासात भरपूर पाणी घालून फिका करायचा आणि खोली अंधारी करून बाजूने प्रकाश सोडायचा. तरंगते कण प्रकाश विखुरतात आणि आत झोताचा पट्टा दिसतो, हाच टिंडल परिणाम. मलमलीच्या नमुन्यात पट्टा दुधाळ दिसला, निवळून कागदातून गाळलेल्यात अगदी पुसट. पूर्ण नाहीसा होत नाही, कारण काही कण कागदालाही दाद न देण्याइतके सूक्ष्म असतात. त्यांच्या मागे लागणं मी सोडून दिलं.

ठेवण

कोल्ड ब्रू आम्लात अगदीच सौम्य असते हा समज फार पसरलेला आहे. थॉमस जेफरसन विद्यापीठाच्या नीनी राव आणि मेगन फुलर यांनी 2018 मध्ये मोजलं तेव्हा गरम आणि थंड दोन्ही कॉफींचा पीएच 4.85 ते 5.13 या पट्ट्यातच निघाला. एकूण आम्लांचं प्रमाण मात्र गरम कॉफीत जास्त होतं. आपल्या कामाचा भाग असा की हा पीएच 4.6 च्या वर आहे, म्हणजे निव्वळ आम्लाच्या जोरावर ही कॉफी सुरक्षित राहत नाही. स्वच्छ बाटली, 5 अंशांखालचा फ्रिज, आणि आठवड्याच्या आत संपवणं. बंद बाटली बाहेर ठेवायची नाही.

मलमल वापरून झाली की लगेच धुतो, साबण न लावता, आणि अधूनमधून पाण्यात उकळतो. धाग्यांत राहिलेलं कॉफीचं तेल खवट होतं आणि तो वास पुढच्या खेपेत उतरतो. उकळूनही वास गेला नाही तर कापड बाद.

पुढच्या खेपेला मलमलीच्या जागी फ्लॅनेल लावून बघणार आहे. जपानी नेल ड्रिपमध्ये हेच लवदार कापड वापरतात आणि वापरानंतर ते वाळू न देता पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवतात. तुलना सरळ व्हावी म्हणून दळण, चाळणी आणि 16 तास तेच राहतील. दोन्ही नमुने एकाच रात्री निवळायला ठेवून सकाळी टॉर्चखाली शेजारी-शेजारी बघेन.