तळ्याकाठची खोपी आणि सरपण

रानातल्या तळ्याकाठच्या लाकडी खोपीत राहायचं तर आधी सरपण कळायला हवं, असं माझं ठाम मत झालंय. वीज नाही, नळ नाही, फोनला रेंज नाही, हे एका संध्याकाळीत अंगवळणी पडतं. सरपणाशी मात्र रोज नव्यानं बोलावं लागतं.

माझ्या धाकट्या बहिणीला त्यातलं जास्त कळतं. ती दोन लाकडं हातात घेऊन एकमेकांवर आपटते. खणकन वाजलं तर सुकं, बद्द वाजलं तर ओलं. सुक्याच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटायला आलेली असते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असू शकतं. ते पेटवलं की बरीच आच पाणी उडवण्यातच जाते, खोली गार ती गारच. वर त्याच्या थंड धुराची डांबरासारखी काजळी धुराड्यात आतून चिकटते, आणि ती एखाद्या रात्री पेट घेऊ शकते. म्हणून लाकूड आधी फोडून, वारं खेळेल असं रचून, सहा महिने ते वर्षभर सुकवायचं असतं. बिडाच्या शेगडीत तळाला बोटभर राख राहू द्यायची, निखारे तिच्यात पहाटेपर्यंत तग धरतात. पहाटे उठून राख उकरली आणि आत लाल ठिपका दिसला, की मला फार आनंद होतो. त्यावर साल, मग काटक्या, मग हळूच फुंकर.

पाणी तळ्याचंच. तळ दिसेल इतकं नितळ असलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नये. जनावरांच्या विष्ठेतून जिआर्डिया नावाचा डोळ्यांना न दिसणारा परजीवी पाण्यात येतो आणि पोट आठवडेच्या आठवडे बिघडवतो. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरतं. 2000 मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. भांडी, आंघोळ, साबण हे सगळं काठापासून साठेक मीटर दूर. यात मला तडजोड चालत नाही, कारण साबण कुठलाही असो, तळ्यासाठी चांगला नसतोच.

संध्याकाळी वारा पडला की बाहेर पायरीवर बसायचं. पाण्यालगतची हवा गार होते, वरची उबदार राहते, त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर पोचतो. पलीकडच्या काठावर कडकन फांदी मोडली ती जणू पायाशीच. आम्ही दोघी आपोआप कुजबुजत बोलायला लागलो. गाणी लावायला काही सोबत नेऊ नका, असं मी आग्रहानं सांगेन.

फिनलंडच्या रानात सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या खोप्या आहेत. तिथे जो सगळ्यात शेवटी येतो, त्याचा आसऱ्यावर पहिला हक्क. आधी आलेल्यांनी सरकून जागा करायची. मला हा नियम फार आवडतो. भिजून, थकून, अंधारात पोचलेल्या माणसाला पेटेल असं काहीतरी हाताशी मिळायलाच हवं.

निघताना आम्ही शेगडीतली राख पूर्ण गार झाल्याची हात लावून खात्री केली, बादली पालथी घातली आणि पुढच्यांसाठी लाकडं फोडायला बसलो. बहिणीचं म्हणणं, जाड ओंडके ठेवूया, रात्रभर टिकतील. मी म्हटलं, काकडलेल्या बोटांना आधी बारीक ढलप्या लागतात. शेवटी दोन्ही ठेवलं, ढलप्या दाराशी आणि काडेपेटी झाकणाच्या डब्यात.