लॅबमधला ‘ॲटिट्यूड’ नेमका लिहायचा कसा?

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या औषध कंपन्यांची क्यूसी (गुणवत्ता तपासणारी लॅब) असो, की द्राक्ष हंगामात निर्यातीच्या मालात कीटकनाशकाचे अंश (रेसिड्यू) तपासणारी लॅब, केमिस्टबद्दलची तक्रार बहुतेकदा एकाच शब्दात येते: ‘ॲटिट्यूड’. नजरेला नजर देत नाही, डबा एकटाच खातो, हाही ॲटिट्यूड. ज्युनिअरवर ओरडून पिपेट आपटली, तोही ॲटिट्यूड. पहिल्या दोन्हींत कुणाचं काही बिघडत नाही. स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या माणसाचं ते साधं वागणं असू शकतं. पिपेट मात्र कुणीही आपटली तरी नोंद व्हायलाच हवी.

म्हणून मॅनेजरने तक्रार घेताना एवढंच विचारावं: कोणतं वाक्य किंवा कृती, कधी, कुणासमोर, आणि त्यामुळे काय झालं. शेवटच्याचं उत्तर ‘विचित्र वाटलं’ एवढंच आलं तर कागद पुढे सरकवू नये. ‘सर, तुमच्या ब्लँकमध्ये पीक दिसतोय’ (नमुना न घातलेल्या कोऱ्या चाचणीतही यंत्राच्या आलेखावर उंचवटा आलाय) हे चारचौघांत म्हटलं तरी तक्रार होत नाही, उलट ते बोलायलाच हवं. ‘तुम्हाला काही येत नाही’ म्हटलं की डेटा संपून माणूस सुरू झाला. ही दोन वाक्यं कागदावर शेजारी-शेजारी लिहून दाखवावीत. ‘जरा जपून बोलत जा’ या सल्ल्यातून काय बदलायचं ते कळत नाही, मग महिन्याभरात तीच तक्रार परत येते.

कामाच्या सूचनांचंही तेच. ‘बॅच लवकर सोड’ म्हणण्यापेक्षा ‘ॲसे टेस्टचा (औषधातल्या मुख्य घटकाचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट 4 वाजेपर्यंत, बाकी उद्या’ असं लिहून द्यावं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत; एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जाण्याच्या स्थितीचं) वेगळं नाव नाही. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला लागतं. पण सोय फुकटात होणारी असेल तर दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट कशाला मागायचं?

सोनिकेटरचंच (ध्वनिलहरींनी नमुना विरघळवणाऱ्या यंत्राचंच) घ्या. त्याची किरकिर काहींना अक्षरशः सहन होत नाही. तो आवाज रोखणाऱ्या पेटीत किंवा शेजारच्या खोलीत हलवला की अर्धी चिडचिड कमी होते. कानावर मफ (आवाज अडवणारी झाकणं) चालतील, पण मग आगीच्या अलार्मला दिवाही हवा. गॉगल टोचत असेल तर दुसऱ्या बनावटीचा द्यावा, लॅटेक्सचा स्पर्श नको असेल तर नायट्राईलचे हातमोजे. ॲसिड हाताळताना गॉगल काढायची सूट मात्र कुणालाच नाही. दया म्हणून दिलेली असली सूट डोळ्यावर बेतते.

डोकं तापायला लागलं की बाहेर पडायची मुभा असावी, तीही रीतसर: बर्नर बंद, बाटलीला झाकण, अर्धवट डायल्यूशनवर (पातळ करत असलेल्या द्रावणावर) लेबल, शेजारच्याला ‘बाहेर जातोय’ एवढंच, आणि दहा मिनिटं. ही मुभा एकालाच दिली की ‘साहेबांचा लाडका’ सुरू होतं, सगळ्यांना द्यावी. पुरवणी म्हणून एसओपीत (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत) टाकली तर ऑडिटरलाही काही विचारावं लागत नाही.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर मॅनेजरने आपल्या टेबलावर मिटवामिटवी करू नये. 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती असते. तक्रार साधारण तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. ‘त्याला कळत नाही हो’ हे म्हणणं ज्याला मांडायचंय त्याने समितीसमोर मांडावं, तक्रार करणाऱ्या बाईसमोर नाही.