शमीच्या शेंड्यावरचं घरटं

जैसलमेरचा किल्ला, हवेल्या, सम गावच्या वाळूतले उंट सगळं बघून झालं, छान झालं. पण मला सांगायचंय ते डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या एका सकाळबद्दल.

फेब्रुवारीअखेर गेलो होतो, माळढोकसाठी. तो दिसला, फार लांबून. मग परतताना गाईडने गाडी थांबवून एक खेजडी दाखवली. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या अगदी शेंड्यावर काटक्यांचा मोठा ढीग, वर पानांचा आडोसा नाहीच, आणि त्यात टॉनी ईगल या गरुडाची मादी उभी. बसलेली नाही, उभी! दुर्बिणीतून नीट बघितलं तेव्हा कळलं, पंख अर्धवट पसरलेत आणि त्या सावलीत पांढऱ्या लवीचं एक पिल्लू. ऊन सरकेल तशी ती पण थोडी वळायची.

ही सहसा दोन अंडी घालते, पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं मागेपुढे निघतात आणि बरेचदा थोरलंच धाकट्याला जगू देत नाही. म्हणजे दीड महिना उबवून हातात उरतं ते बहुतेक एकच, आणि ते उडायला पुढे आणखी अडीच-तीन महिने!

तेवढ्यात दुसरी एक गाडी वाट सोडून थेट झाडाखाली. मादी उडाली, लांब विजेच्या खांबावर जाऊन बसली. घरट्यात पिल्लू उघड्यावर, चोच वासून धापा टाकतंय, आणि खाली खटाखट फोटो चाललेत. मला रडूच आलं. खरं सांगते, पाचच मिनिटं आधी मीही गाईडला म्हटलं होतं, थोडं जवळ घ्या ना, आणि तो शांतपणे म्हणाला होता, "नहीं सा, बच्चा है." १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं हे शिकारीतच मोजलंय, हे मला माहीत होतं, तरी म्हटलं होतं.

गाईड चालत गेला, हात जोडून त्यांना मागे घेतलं. मग आम्ही सगळेच आणखी लांब गेलो आणि वाट बघत बसलो. बावीस मिनिटं, मी घड्याळ लावून मोजली. ती आली, घरट्याच्या काठावर उतरली, आणि आधी पंख पसरले. पिल्लू सरपटत सावलीत शिरलं तेव्हा कुठे गाईड गाडीत बसला.