ॲनापोलिस : जॉन पॉल जोन्सच्या समाधीपाशी

वॉशिंग्टनला येणारी आपली मंडळी व्हाइट हाउस, स्मारकं आणि म्युझियमं बघून परत फिरतात. हाताशी एक दिवस जास्तीचा असेल तर तासाभराच्या अंतरावरचं ॲनापोलिस अजिबात चुकवू नका. तिथल्या अमेरिकी नौदल अकादमीच्या चॅपलखाली जॉन पॉल जोन्सची समाधी आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला हा सगळ्यांत गाजलेला कप्तान.

आमच्याबरोबर भारतातून आलेले आई-बाबा होते, म्हणून आधी कागदपत्रांचं सांगते. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्टच जवळ ठेवावा, मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नये. पाहुण्यांच्या गाड्या आत सोडत नाहीत. गावातल्या पार्किंग गॅरेजमध्ये गाडी लावून चालत गेटवर जायचं, तिथे बॅगा तपासतात. चालणं बरंच होतं, त्यामुळे ज्येष्ठांच्या पायांत चांगले बूट हवेत. चॅपलमध्ये लग्नं आणि समारंभ होतात, तेव्हा पर्यटकांना आत जाता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी अकादमीच्या वेबसाइटवर त्या दिवसाच्या वेळा बघा. मे महिन्याच्या शेवटी पदवीदानाची प्रचंड गर्दी असते, तो आठवडा टाळलेलाच बरा.

समाधीच्या दालनात मधोमध २१ टनांची संगमरवरी शवपेटी आहे, काळ्या-पांढऱ्या दगडाची. ती पेलली आहे काशाच्या डॉल्फिननी, आणि तिच्यावरून समुद्रवनस्पतींच्या काशाच्याच माळा उतरल्या आहेत. वाकून जवळून बघा, पानापानावर काम आहे. भोवतालच्या फरशीत त्याच्या जहाजांची नावं कोरली आहेत. बहुतेक लोक शवपेटीचा फोटो काढून निघतात. मला विचाराल तर त्या नावांवरून सावकाश एक फेरी मारा, त्याचं आयुष्य तिथेच उलगडतं.

स्कॉटलंडमधल्या एका माळ्याचा हा मुलगा, जन्म १७४७ चा. तेराव्या वर्षी इंग्लंडमधल्या व्हाइटहेवन बंदरातून जहाजावर उमेदवारीला लागला. पुढे गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरही त्याने काम केलं आणि त्या धंद्याची किळस येऊन ते सोडलं. हा भाग वगळून त्याची थोरवी गाऊ नये असं मला मनापासून वाटतं. कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटावर त्याच्या हातून एक खलाशी मारला गेला, तेव्हा तो व्हर्जिनियात पळाला आणि नावापुढे ‘जोन्स’ लावलं. १७७८ मध्ये अमेरिकी नौदलाचं ‘रेंजर’ जहाज घेऊन त्याने छापा घातला तो त्याच व्हाइटहेवनवर!

त्याची सगळ्यांत गाजलेली २३ सप्टेंबर १७७९ ची लढाई इंग्लंडच्या फ्लॅम्बरो हेडजवळची. त्याचं ‘बोनोम रिशार’ म्हणजे व्यापारी जहाजाचं केलेलं लढाऊ जहाज, आणि समोर ब्रिटिशांचं नवं कोरं ‘सेरापिस’. जोन्सने दोन्ही जहाजं एकमेकांना जखडली. त्याचं जहाज फुटलं, पेटलं, तरी शरण आले ते ब्रिटिश. ‘मी अजून लढायला सुरुवातच केलेली नाही’ हे त्याचं प्रसिद्ध वाक्य त्याच्या एका अधिकाऱ्याच्या आठवणींतून आलं आहे, आणि त्या १८२५ मध्ये छापल्या गेल्या. स्वतः जोन्सच्या अहवालात शरणागतीला ठाम नकार दिला एवढंच आहे. मला तो साधा नकारच जास्त भावतो. ‘बोनोम रिशार’ दोन दिवसांत बुडालं आणि जोन्स जिंकलेल्या ‘सेरापिस’वरून परतला.

नंतर रशियाच्या नौदलात नोकरी, आणि १७९२ मध्ये पॅरिसमध्ये मृत्यू, वय अवघं ४५. अमेरिकेचा तिथला राजदूत अंत्ययात्रेलाही गेला नाही. एका फ्रेंच माणसाने पदरमोड करून शिशाची पेटी केली आणि देह मद्यार्कात ठेवला, या आशेने की कधीतरी अमेरिका त्याला मागेल. तोवर स्मशानावर घरं उभी राहिली. राजदूत होरेस पोर्टर यांनी वर्षानुवर्षं शोध घेतला, खाली बोगदे खणले, आणि १९०५ मध्ये पेटी सापडली. चेहरा इतका टिकला होता की शिल्पकार हूदाँने केलेल्या अर्धपुतळ्याशी मापं ताडून बघता आली. १९०६ च्या समारंभात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट बोलले. त्यांना मोठं नौदल उभारायचं होतं आणि त्यासाठी पूर्वज हवा होता, हे लक्षात ठेवलं की या संगमरवरी थाटाचा अर्थ लागतो. समाधी पूर्ण झाली १९१३ मध्ये. तोवर पेटी अकादमीच्या बॅनक्रॉफ्ट हॉलमध्येच होती.

नंतर अकादमीचं म्युझियम बघा, तिथे तिकीट नाही. मुलं बरोबर असतील तर जहाजांच्या प्रतिकृतींना निदान एक तास द्या. युद्धकैद्यांनी हाडांपासून घडवलेली जहाजं तर थक्क करतात. शाळेच्या वर्षात कामाच्या दिवशी दुपारी, हवा चांगली असेल तर, अकादमीच्या विद्यार्थ्यांचं संचलनही दिसतं, म्हणून शनिवार-रविवारपेक्षा मधला वार गाठा. वेळ उरला तर जवळच मेरीलँडचं स्टेट हाउस आहे. १७८३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सेनापतिपद सोडलं ती खोली तिथे बघता येते, आणि ओळखपत्र तिथेही लागतं.