जीपच्या हूडपासून रिकव्हरीच्या थैलीपर्यंत : आमची वाटचाल

पुण्याच्या नाना पेठेत वडिलांचे जीपचे हूड, म्हणजे कॅनव्हासचे छत, शिवण्याचे दुकान होते. १९८५ साली जिप्सी आली तेव्हापासून तिचे हूड आमच्याकडे शिवले जात आणि २०१० मध्ये थार आल्यावर कॅनव्हासचे गिऱ्हाईक पुन्हा वाढले. हूड बसवताना गाडीत काय काय पडलेले आहे, हे आपोआप दिसते. बोहरी आळीतून आणलेला दोर, सीटखाली घरंगळणारे शॅकल (पट्टा गाडीला अडकवण्याची पिनवाली लोखंडी कडी), त्यांवर कपड्यांच्या पिशव्या आणि सर्वांत तळाशी, जेथे हात पोहोचणार नाही तेथे, टोचनचा, म्हणजे गाडी ओढण्याचा, पट्टा, अशी व्यवस्था घेऊन मंडळी भर आषाढात ताम्हिणीकडे जात असत. ते पाहून आम्ही रिकव्हरीच्या, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढण्याच्या, सामानाची पहिली थैली शिवली.

त्या थैलीचे खरे कर्ते वेल्ह्याकडचे एक निवृत्त सुभेदार आहेत, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. पहिली थैली आम्ही मागच्या दाराशी बसेल अशी केली होती. पंधरा दिवसांनी ते चिखलाने माखलेली जिप्सी घेऊन दुकानाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “शेठ, गाडी भातखाचरात रुतली, तिचं ढुंगण बांधाला टेकलं. मागचं दार उघडंना. तुमची थैली आत आणि मी बाहेर.” स्टेपनी लावलेले ते दार बाजूला उघडते, त्याला जागा लागते, ही साधी गोष्ट जन्मभर त्याच गाड्यांचे हूड शिवणाऱ्या आम्हाला सुचली नव्हती. तेव्हापासून आमची थैली चालकाच्या सीटमागे बसते आणि पट्टा, दोन शॅकल व हातमोजे यांचा कप्पा दाराच्या बाजूला उघडतो. कंप्रेसर, पंक्चरचे सामान आणि जॅकखाली ठेवायचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा फूटभर तुकडा खालच्या कप्प्यात जातो. त्या तुकड्याला पुष्कळ जण हसतात, परंतु खाचरातल्या चिखलात तुकड्याशिवाय फार्म जॅक लावला तर गाडी वर येत नाही, जॅक खाली जातो.

पुढची पाच-सहा वर्षे चांगली गेली.

त्यानंतरचे मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण अजूनही कित्येक गिऱ्हाइकांच्या मनात गैरसमज आहे. ज्या व्यापाऱ्याला आम्ही दोन हंगाम घाऊक माल उधारीवर दिला, त्यानेच आमची थैली उसवून तिचा कागदी नमुना काढला आणि तोच हिरवा कॅनव्हास, तेच नारिंगी झाकण लावून जवळपास निम्म्या किमतीत ती बाजारात आणली. थैलीची नक्कल आम्ही सोसली असती. आत काय भरले होते, ते सोसण्यासारखे नव्हते. हिसका देऊन गाडी ओढण्याचा पट्टा नायलॉनचा असतो आणि तो सुमारे २० टक्के ताणला जातो, म्हणजे ९ मीटरचा पट्टा पूर्ण ताणावर पावणेदोन मीटरहून अधिक लांबतो व हिसका स्वतः गिळतो. त्या थैलीत त्याच रंगाचा पॉलिएस्टरचा पट्टा होता, जो फारसा ताणला जात नाही आणि केवळ सावकाश टोचन करण्याच्या कामाचा असतो. सोबतच्या शॅकलवर भाराचा शिक्काच नव्हता.

मुळशीच्या बाजूला एका पावसाळ्यात व्हायचे तेच झाले. पट्टा ताणला गेला नाही, शॅकल फाकले आणि उडून पुढच्या गाडीची मागची काच फोडून आत गेले. कोणाला इजा झाली नाही, हे त्या मंडळींचे नशीब. मात्र त्या प्रसंगाच्या फोटोत हिरवी थैली आणि नारिंगी झाकण दिसले, लोकांनी ती आमचीच समजली आणि महिन्याभरात आमच्या बहुतेक ऑर्डरी रद्द झाल्या. त्या व्यापाऱ्याने आमची उधारी दिली नाही, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. शिलाईच्या दोन जुकी मशिनांपैकी एक विकून आम्ही कारागिरांचे पगार केले.

टाळेबंदी उठल्यावर पहिले गिऱ्हाईक सुभेदारच आले. त्यांनी आमची आणि नकली, अशा दोन्ही थैल्या काउंटरवर रिकाम्या केल्या, चष्मा लावला आणि आमच्या पाऊण इंची शॅकलवरचा ४.७५ टनांचा शिक्का तेथे बसलेल्या चार लोकांना मोठ्याने वाचून दाखवला. नंतर दोन थैल्यांचे पूर्ण पैसे आगाऊ दिले आणि माल मिळेपर्यंत पाच महिने एकदाही फोन केला नाही. तेव्हापासून पट्ट्यांच्या प्रत्येक खेपेतला एक नग आम्ही भोसरीला यंत्रावर तुटेपर्यंत ओढून पाहतो. तुटलेले तुकडे दुकानात खिळ्याला टांगलेले आहेत. टोकाला कापसासारखा फुललेला नायलॉन हाताळल्याशिवाय गिऱ्हाइकाला आम्ही बिल देत नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शॅकलची पिन घट्ट आवळून पाव आटा मागे घ्यावी, नाहीतर ताण पडल्यावर ती पान्यानेही सुटत नाही. दोन पट्टे शॅकलने जोडू नयेत आणि ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नये. तो गोळा तुटला तर तोफगोळाच होतो. ओढण्यापूर्वी पट्ट्यावर जड काहीतरी टाकावे, ओले पोतेही चालते. चिखलात टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवली तर निम्म्या वेळा पट्टा काढावाच लागत नाही, परंतु मग ती परत भरायला कंप्रेसर हवा आणि त्याच्या तारा थेट बॅटरीला जोडाव्यात, सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडल्यास फ्यूज उडतो. शिवाय अकरा टनी पट्टा मागणाऱ्यांनी आधी स्वतःच्या गाडीचे वजन पाहावे, कारण हलक्या गाडीला तो ताणताच येत नाही.

त्या व्यापाऱ्याची हिरवी थैली आजही आमच्याच रस्त्यावर टांगलेली दिसते. सुभेदारांनी यंदा जिम्नी घेतली आहे. तिच्या सीटमागे जुनी थैली बसत नाही, म्हणून चार इंच आखूड थैली कापून ठेवली आहे आणि गाडी सुमारे १२०० किलोची असल्याने आत साडेचार टनी पट्टा घातला आहे. कप्पा दाराकडेच उघडला पाहिजे, असे त्यांनी आतापर्यंत दोनदा फोन करून बजावले आहे.