उजनीच्या फुगवट्यातून गाळाचा नमुना आणताना

उजनी धरणाच्या गाळातून शेवाळाला पोसणारं फॉस्फेट किती सुटतं ते तपासायचं, त्यासाठीचा हा नमुना. पुण्याहून सोलापूर रस्त्याने फुगवट्याकाठचं भिगवण साधारण १०० किलोमीटर. मे महिन्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या खाली, गेलं की फुगवट्याचं पाणी लांब सरकतं आणि मधे गाळ उघडा पडतो. होडी कुठून सुटते ते आदल्या संध्याकाळीच मच्छीमारांना विचारा, नेहमीची जागा तेव्हा कोरडी असते. वरून भेगाळलेला दिसणारा गाळ आत मऊच असतो. फळी टाकल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नका.

आम्ही कुंभारगावच्या बाजूने उजाडायच्या आत निघालो. रात्रभर शेवाळ आणि जिवाणू ऑक्सिजन खातात, म्हणून तळाशी तो पहाटेच सर्वांत कमी सापडतो. वारा सुटला की पाणी ढवळतं आणि वरच्या-तळाच्या ऑक्सिजनमधला फरक हाती लागत नाही. जागा भीमेच्या जुन्या पात्रावर घ्या. बारीक गाळ तिथे साचतो. जाळी कुठे लावली आहेत ते नावाड्याला माहीत असतं, त्याचं ऐका. ऑक्सिजन दर मीटरला मोजा, पण प्रोब गाळात टेकवू नका, आकडा खोटा पडतो.

गाळ काढायला पंजा (तळाचा गाळ ओरबाडून उचलणारं साधन) नको, त्यात वरचा थरच विस्कटतो आणि आपल्याला हवा असतो नेमका तोच. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची नळी सरळ, सावकाश सोडा. वर काढल्यावर गाळावरचं पाणी नितळ नसेल तर तो नमुना टाकून द्या. वरची तपकिरी साय लोहाची असते. ऑक्सिजन असेपर्यंत हे लोह फॉस्फेट धरून ठेवतं. तो संपला की लोह विरघळतं आणि फॉस्फेट सुटून वर पाण्यात येतं. आमच्या नळीत साय नव्हतीच. अगदी वरपर्यंत काळा गाळ, सडक्या अंड्यांचा वास. म्हणजे सल्फाइडने लोह अडकवलंय, फॉस्फेट धरायला ते उरलेलं नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढे. गाळातलं पाणी होडीवरच सिरिंजने ओढून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मधे हवा लागू देऊ नका. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजून खाली बसतं, सोबत फॉस्फेटही नेतं, आणि प्रयोगशाळेत आकडा कमी येतो. गाळाचे काप नायट्रोजन भरलेल्या पिशवीत करा. बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून ऊर्ध्वपातित पाण्याने धुतलेल्या हव्यात. फॉस्फेटवाली साबणपूड लावलीत तर मेहनत वाया. नमुने बर्फात, अंधारात. शेवाळाच्या बाटलीत लुगॉल (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) फिक्या चहाचा रंग येईपर्यंत घाला.

दुपारी परत फेरी मारा आणि पीएच होडीवरच मोजा. पाण्यावरच्या शेवाळाच्या हिरव्या सायीत तो ९ च्या वर जातो. असं पाणी उथळ भागात ढवळलेल्या गाळाला लागलं की हायड्रॉक्साइड लोहावरच्या फॉस्फेटची जागा घेतं, तेही भरपूर ऑक्सिजन असताना. फक्त पहाटेचे आकडे घेतले तर हा वाटा निसटतो. मुळा-मुठेतून येणारं सांडपाणी थांबवायलाच हवं, पण नुसतं वरून येणारं फॉस्फरस मोजून उजनी कधी निवळेल ते सांगता येणार नाही. गाळातला साठा त्यानंतरही बरीच वर्षं शेवाळाला पुरवठा करू शकतो.

उघड्या पडलेल्या काठाचा गाळ पावसाआधी वेगळा घ्या. वाळताना त्यातले जिवाणू मरतात आणि पुन्हा भिजल्यावर फॉस्फेट एकदम सुटतं. धरण भरू लागेल तेव्हा त्याच जागेवरचं पाणी तपासा.

हातमोजे घाला. मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष पाणी उकळूनही जात नाही, म्हणून पिण्याचं आणि हात धुण्याचंही पाणी घरूनच न्या.