कोकणात संगणक शिकायचा तर: खारी हवा, जुना लॅपटॉप आणि नीट विचारलेला प्रश्न

संगणक अडला की नवशिका माणूस आधी स्वतःलाच बोल लावतो. ‘माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार.’ श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात हा संशय बऱ्याचदा चुकीचा निघतो. खारी हवा, लपंडाव खेळणारी वीज आणि अर्धवट उतरलेली फाइल, या तिघांनी केलेला घोळ माणूस स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि शिकणंच सोडून देतो. म्हणून आधी मशीन, मग वीज, आणि माणसं शेवटी.

पहिलं मशीन कोरं करकरीत घेऊ नका. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप कंपन्यांतून बाहेर पडतात. आपण त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणार आहोत. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला श्रावणातच सांगून ठेवा. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा ऑफिसच्या मालिकेतलं काहीही चालेल, कारण ते स्क्रूड्रायव्हरने उघडतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. रॅम (चालू कामापुरती मेमरी) ८ जीबी हवी, ४ वरही निभतं. हार्ड डिस्क असेल तर काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, बसवा. जुना लॅपटॉप रडतखडत चालतो तो बहुतेक वेळा त्या फिरणाऱ्या डिस्कमुळे. घेण्याआधी एक गोष्ट मात्र बघाच: चालू करताना एफ१ (थिंकपॅड), एफ२ (लॅटिट्यूड) किंवा एफ१० (एलिटबुक) दाबून बायोस, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा, उघडतो का. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर तो काढून मिळेपर्यंत व्यवहार करू नका. मिंट टाकायला मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू करावं लागतं, आणि ते नेमकं तिथेच अडतं.

आता हवेचं. पावसाळ्यात महिनाभर कपाटात पडून राहिलेला संगणक चालू करावा, पंखा फिरावा, दिवा लागावा आणि स्क्रीन काळीच राहावी, कधी सोबत दोन-तीन बीप. दुकानदार ‘मदरबोर्ड गेला’ म्हणायच्या आधी रॅम काढून बघा. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आतली असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. रॅमची पट्टी कडेने धरून उपसा. खालच्या सोनेरी रेघा काळपट दिसतात, तो ओलाव्याने आणि मिठाने चढलेला थर. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने त्या हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा, चुरा झटका, आणि पट्टी परत खाचेत दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बसल्याशिवाय ती बसलेली नसते. नवशिके ताकद लावायला घाबरतात आणि पट्टी अर्धवटच राहते.

दुसरं दुखणं फसवं आहे. मशीन चालू होतं, वायफाय लागतं, पण ब्राउझर प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरची सीआर २०३२ बटण-बॅटरी संपली आहे. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि तुमच्या घड्याळाप्रमाणे ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. डेस्कटॉपमध्ये ही तीन व्होल्टची बॅटरी हाताने बदलता येते. लॅपटॉपमध्ये ती वायरसकट येते, म्हणून मॉडेल बघून घ्या.

पावसात मशीन रोज अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उबेनेच ओल निघते. पश्चिमेच्या खिडकीशी आणि जमिनीवर ठेवू नका. गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच गुंडाळू नका, आतली दमट हवा थंड होऊन तिचं पाणी तिथेच सुटतं. पाली आणि मुंग्यांना डेस्कटॉपमधला उबदार एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) फार आवडतो, त्यामुळे कॅबिनेटच्या मागची मोकळी खाच पट्टीने बंद असलेली बरी.

विजेबाबत आमच्याकडे लोक स्पाइक गार्डवर नको तितका भरवसा ठेवतात. अर्थिंग नसेल तर त्याचं निम्मं काम तिथेच संपतं, कारण जादा दाब जाणार कुठे? जांभ्याच्या सड्यावर आधीच अर्थिंग लागायला कठीण, त्यात मे महिन्यात जमीन कोरडी ठाक. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वायरमनला बोलवा, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग काढाच, पण राउटरची लॅनची वायरही उपसा. पुष्कळ बोर्ड त्या वायरीतूनच जळतात. डेस्कटॉप असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती दहाएक मिनिटं देतो. लाइनच्या टोकाला व्होल्टेज सतत पडत असेल तर तो दिवसभर बॅटरीवर जातो-येतो आणि बॅटरी लवकर बसते. तिथे आधी स्टॅबिलायझर लावा.

मशीनवर लिनक्स मिंट टाका, ४ जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. चोरीचं विंडोज आणि ते ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारी फुकटची फाइल, या जोडीतून आलेला व्हायरस निस्तरण्यात शिकण्याचे दिवस घालवू नयेत, हे माझं स्पष्ट मत. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. रोजच्या दीड जीबी डेटात ती दोन दिवसांत तुकड्यातुकड्यांनी उतरते आणि शेवटी अर्धवट राहते. फायबर असलेल्या शेजाऱ्याकडे उतरवा किंवा त्याच चाकरमान्याला पेन ड्राइव्हवर आणायला सांगा. उतरल्यावर सेव्हन-झिप हा प्रोग्राम असलेल्या मशीनवर फाइलवर राइट-क्लिक करून एसएचए-२५६ चा आकडा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची खूण, काढा आणि मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. एक अक्षर वेगळं आलं तरी फाइल खराब समजायची.

ती फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून काही होत नाही. रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ती लिहावी लागते, आणि त्यात पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. मग पेन ड्राइव्ह निवडण्यासाठी मशीन सुरू करताना डेल-लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबा. मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हातही न लावता. तिथे आवाज, कॅमेरा, वायफाय तपासून घ्या. काही ब्रॉडकॉम चिपचं वायफाय सुरुवातीला दिसत नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, नेट आलं की ड्रायव्हर मॅनेजर तो ड्रायव्हर स्वतः शोधतो. मिंट डिस्कवर बसवताना, सगळी डिस्क पुसणाऱ्या ‘इरेज डिस्क’वर टिचकी मारण्याआधी लग्नाचे फोटो दुसरीकडे घेतलेत का, एवढं विचारून घ्या स्वतःला.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट हीच कळांची मांडणी शिका. डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं, आणि डीवर पाय मोडायचा. ‘वाऱ्या’ लिहायला बी, ई, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. पहिला आठवडा चिडचिड होते, मग हात बसतो. ग्रामपंचायतीतून आलेली जुनी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर ती युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणाऱ्या जुन्या फॉन्टमधली आहे. बिघाड काही नाही, कन्व्हर्टर लागेल.

एवढं झाल्यावरही अडणारच, आणि तिथे माणसं लागतात. प्रश्न कसा विचारावा हे कोकणातल्या माणसाला खरं तर शिकवायला नको. देवळात गाऱ्हाणं घालताना कोण, कुठचा, काय घडलं आणि काय मागणं आहे हे ओळीने सांगितलं जातं, तसंच इथेही. ‘वायफाय चालत नाही, मदत करा’ याला कुणी काय उत्तर देणार? त्याऐवजी: लॅपटॉपचं मॉडेल, मिंटची आवृत्ती, काल चालत होतं का, मध्ये काय बदललं, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, आणि काय काय करून पाहिलं. मिंटमध्ये ‘सिस्टीम इन्फॉर्मेशन’ उघडून ‘कॉपी’ दाबलं की मशीनची सगळी कुंडली मिळते, ती चिकटवा. पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको. टाइप केलेला मजकूर शोधता येतो, फोटोतला नाही. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तर असू दे, भाषांतर यंत्राकडून करून घेतलंत तरी चालेल, फक्त त्रुटीचा संदेश मूळ इंग्रजीतच ठेवा. उत्तर देणारे पुष्कळदा युरोप-अमेरिकेत असतात. आपण सकाळी विचारलं तर ते झोपलेले असतात. तासाभरात ‘कुणी आहे का’ लिहू नये.

आता कुठे विचारायचं. लिनक्स मिंटच्या फोरमवर नवशिक्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे बाळबोध प्रश्नाला कुणी हसत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी निवेदनासह आहेत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपला हात, असं थांबत थांबत करायचं. त्यांच्या प्रश्नमंचावर कोणत्या धड्याच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलं ते सांगता येतं. ही सोय मला फार आवडते, कारण ‘मला काहीच कळलं नाही’ याचं तिथे आपोआप ‘इथे कळलं नाही’ होतं. पुण्यात पुणे जीएनयू-लिनक्स युजर्स ग्रुप हा जुना गट आहे, फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेच्या मुंबई-पुण्याकडे भेटी होतात. रत्नागिरीहून दर वेळी जाणं परवडत नाही, पण एकदा जाऊन चेहरे ओळखीचे झाले की पुढचे प्रश्न सोपे जातात.

कोडिंग न येता हातभार लावता येईल अशाही जागा आहेत. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच काढलेल्या नकाशावर आपल्या वाडीची पाखाडी, साकव, विहीर आहे का बघा. नसेल तर ब्राउझरमध्येच काढता येते, आणि चुकलं तर जुना जाणकार टिप्पणी करून सांगतो, बदल मागेही घेता येतो. मराठी विकिपीडियावर हात साफ करायला धूळपाटी आहे आणि विचारायला चावडी. कॉमन व्हॉइस या संगणकाला बोली शिकवण्यासाठी आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पावर पाच-पाच वाक्यं मराठीत वाचून आवाज देता येतो.

गट चांगला की वाईट हे सदस्य होण्याआधी कळतं. जुने वीसएक प्रश्न वाचा. नवख्याला ‘कोणती आवृत्ती?’ असा उलट प्रश्न येतो की ‘गुगल कर’ असा टोला? एखाद्या मुलीने विचारलं तर तिला उत्तर मिळतं की थेट खाजगी मेसेज? आचारसंहिता लिहिलेली आहे का, आणि ती मोडणाऱ्याला कुणी आवरलेलं दिसतं का? गावातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तातडीला बरा, पण तिथलं उत्तर सकाळच्या सुप्रभातांखाली गाडलं जातं आणि पुढच्या माणसाला सापडत नाही.

चांगल्या गटातही लुच्चे शिरतात. जाहीर प्रश्नावर कुणी खाजगीत येऊन एनीडेस्क (लांबून मशीन ताब्यात देणारं अ‍ॅप) टाका, कोड सांगा म्हणाला तर तिथेच थांबा. पडदाभर लाल इशारा आणि खाली ‘मायक्रोसॉफ्ट’चा फोन नंबर दिसला तर तो फोन करायचा नाही, ऑल्ट-एफ४ ने खिडकी बंद करायची, नाहीच झाली तर मशीन बंद करायचं. टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या खिडकीत, टाकायला कुणी ओळ दिली तर ‘ही काय करते?’ असं आधी जाहीरपणे विचारा. चुकीची ओळ असेल तर बाकीचे लगेच ओरडतात.

आणि सुटलं की त्याच प्रश्नाखाली कशाने सुटलं ते लिहा, शीर्षकात ‘सॉल्व्ह्ड’ जोडा. ‘रॅम खोडरबराने पुसली’ एवढंही पुरे. पुढच्या पावसात देवगडला कुणाची तरी स्क्रीन काळी पडणार आहे.